बिनविम्याचे पाच दिवस

वडिलांचा कारखाना बंद पडला तेव्हा मी सहावीत होते. अंबरनाथला एमआयडीसीत रंगाची कंपनी होती, तिथे ते मिक्सरवर होते. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. एका सोमवारी ते डबा घेऊन गेले आणि दिवस मावळताना डबा तसाच घेऊन परत आले. गेटला कुलूप आणि कुलपाखाली चिकटवलेला कागद. कागद इंग्रजीत होता. तो काय म्हणतो हे कळायला त्या सगळ्या माणसांना संध्याकाळ झाली.

पुढची दोन वर्षं आमच्या घरात जीन्सच्या पँटी होत्या. आम्ही बदलापूरला मांजर्लीत एका खोलीत राहायचो. आई उल्हासनगरहून पँटींचे गठ्ठे आणायची आणि शिलाईचे लोंबणारे धागे कापून परत द्यायची. आई कापायची, मी कापायची, धाकटी बहीण घड्या घालायची. रात्री त्याच गठ्ठ्यांवर चादर टाकून झोपायचो. नव्या कापडाचा निळा रंग हाताला लागायचा तो जायचा नाही. भात कालवला की पहिल्या घासाला निळसर छटा यायची. वर्गात एका मुलीने विचारलं होतं, तुझी नखं अशी का, तर मी सांगितलं, शाईचं पेन गळतं.

दादांनी त्या दोन वर्षांत काय केलं नाही ते विचारा. स्टेशनबाहेर काकड्या विकल्या, वीटभट्टीवर गेले, बारवी धरणाकडे आमची मूळ वाडी आहे तिथे दुसऱ्यांच्या शेतात लावणी केली. पण घरी येताना चेहरा पुसून यायचे. दाराबाहेर उभं राहून रुमालाने चेहरा पुसायचे आणि मगच आत. तो रुमाल झटकण्याचा आवाज आत आम्हाला ऐकू यायचा.

यातून बाहेर काढलं ते काकांनी. हे काका नात्यातले नव्हेत. दादांच्याच मिक्सरवर दुसऱ्या पाळीला असायचे. कारखाना गेल्यावर ते गाड्यांच्या विम्याचे एजंट झाले. एक जुनी स्कूटर आणि रेक्झिनची पिशवी घेऊन अंबरनाथपासून वांगणीपर्यंत फिरायचे. उल्हासनगरचे एक सिंधी शेठ टुरिस्ट गाड्या चालवायचे, त्यांच्या गाड्यांचे विमे काकांकडे होते. काकांनी शेठला सांगितलं, "साईं, माणूस माझ्याकडून घ्या. गाडी येत नाही त्याला, पण शिकेल. आणि खोटं बोलता येत नाही, ते काय शिकणार नाही." दादा पहिले सहा महिने गाड्या धूत होते, मग चालवायला लागले.

काकांनी आणखी एक केलं होतं, ते मला फार नंतर कळलं. त्या दोन वर्षांत ते महिन्यातून एकदा घरी यायचे आणि जाताना आईला सांगायचे, "वहिनी, गावाकडून तांदूळ जास्तच आलाय, आमच्यात किडे पडतील." साताऱ्याकडच्या माणसाकडे गावाहून तांदूळ कुठला येतो? ज्वारी येते. आईला ते तेव्हाच कळलं होतं. ती मापटं घेऊन तांदूळ काढून घ्यायची आणि पिशवी झटकून परत द्यायची.

सहा वर्षं दादांनी शेठची गाडी चालवली. मग शेठने नव्या गाड्या घेतल्या आणि जुन्यातली एक अँबेसेडर दादांना दिली. पैसे पगारातून कापून. ठाण्याला जाऊन आरसी बुक दादांच्या नावावर झालं, परमिटही झालं. गाडी घरी आली त्या दिवशी मांजर्लीतली अर्धी वस्ती मारुतीच्या देवळासमोर जमली होती. आईने गाडीच्या चाकांखाली लिंबं ठेवली. विम्याचं काम काकांचं, ते त्यांनी करून आणलं आणि कागद दादांच्या हातात दिला.

तो कागद दादांनी देव्हाऱ्यात ठेवला.

मी हे हसायला सांगत नाही. आमच्याकडे जे सांभाळतं ते देवापाशी ठेवतात. पावसाळ्यात मांजर्लीत नदी यायची, तेव्हाही आई आधी देव उचलायची आणि मग पिठाचा डबा. विम्याचा कागद प्लॅस्टिकमध्ये घालून कुलदैवताच्या टाकामागे उभा असायचा. दसऱ्याला गाडीच्या किल्लीबरोबर त्यालाही हळदकुंकू. वाटेत पोलिसाने अडवलं तर दाखवायला एक झेरॉक्स गाडीत असायची, आणि पोलीस फक्त तारीख बघायचा. मार्चमध्ये काकांनी नवा कागद आणला, तेव्हा जुना पाण्यात सोडला. तो उघडून कुणी वाचला नव्हता.

मी वाचला. मी त्या वर्षी बी.कॉम. झाले होते. उल्हासनगरच्या कॉलेजातून, सेकंड क्लास. आमच्या सगळ्या भावकीत, दोन्ही बाजूंनी, मी पहिली. हे मी अजूनही कुणी विचारलं नाही तरी सांगते. दादांनी त्या निकालाचा कागदही देव्हाऱ्यात ठेवायचा प्रयत्न केला होता, तो मी काढून घेतला.

झालं असं, की दिवाळीनंतर अंबरनाथच्या एका औषध कंपनीला साहेब लोकांना स्टेशनवरून नेण्या-आणण्यासाठी महिन्याच्या बोलीवर गाडी हवी होती. रोजचं काम, वर्षाचा करार, एक डिसेंबरपासून. कुणाच्या लग्नाची, कुणाच्या दवाखान्याची वाट बघत दिवस दिवस उभं राहायचं संपणार होतं. दादा हा करार व्हावा म्हणून किती आतुर होते हे मला त्यांच्या दाढीवरून कळायचं, रोज सकाळी दाढी करायला लागले होते. कंपनीने कागदांच्या झेरॉक्स मागितल्या. मी बरोबर गेले. तिथल्या क्लार्कने आरसी बघितलं, परमिट बघितलं, विमा बघितला आणि पुन्हा आरसी बघितलं.

"गाडी कोणाची?"

"आमचीच," दादा म्हणाले.

"मग विमा दुसऱ्याचा कसा? हे नाव कुणाचं?"

मी झेरॉक्स ओढून घेतली. विम्यावर शेठचं नाव होतं. उल्हासनगरचा शेठचा पत्ता होता. गाडीचा नंबर आमचा, नाव त्यांचं. गाडी विकून दीड वर्ष झालं होतं, मध्ये एकदा नवा कागदही आला होता, आणि तोही त्याच नावावर.

"बाई, उद्या गाडी ठोकली तर पैसे कुणाला मिळणार? यांना तर नाही," क्लार्क मला म्हणाला. मी शिकलेली दिसत होते म्हणून मला म्हणाला. "एक तारखेच्या आत यांच्या नावाचा विमा आणा. नाहीतर दुसरी गाडी आहे लाइनीत."

बाहेर आल्यावर दादा एवढंच म्हणाले, "तुझे काका चुकणार नाय. आपल्याला वाचता आलं नसंल."

"मला वाचता येतं दादा."

त्यांनी झेरॉक्स घडी करून खिशात घातल्या.

त्याच आठवड्यात काका दिवाळीचं म्हणून घरी आले. आईने लाडू-चकली ठेवली. मला राहवलंच नाही. मी देव्हाऱ्यातून कागद काढून त्यांच्यापुढे धरला.

"काका, हे बघा."

त्यांनी चष्मा लावला, कागद जरा लांब धरला. "बरोबर हाय की. मार्चपर्यंत हाय."

"तारीख नाही. नाव."

ते नावाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "शेठच्या पत्त्यावर कागद आला, तसाच पुढं भरला. गाडी ठोकलेली न्हवती, त्याची सूटही मिळाली. म्हटलं दादाचा फायदा हाय."

"गाडी विकल्यावर नाव बदलायचं असतं, हे तुम्हाला माहीत नाही? एजंट ना तुम्ही? तुम्ही कागद वाचता तरी का, की फक्त हप्ता घ्यायला येता?"

"ये पोरी!" दादा ओरडले. त्यांनी एरवी माझ्यावर आवाज चढवलेला मला तरी आठवत नाही, तो तेवढाच.

काकांनी हातातला अर्धा लाडू ताटलीत ठेवला. "बरोबर बोलते ती. बघतो मी," म्हणाले आणि उठले. आई मागून दारापर्यंत गेली, पण स्कूटर सुरू झाली होती.

त्यांनी बघितलंही. आठ दिवसांनी निरोप आला. कल्याणच्या ऑफिसातले साहेब म्हणतात, गाडी विकली तेव्हाच कळवायला हवं होतं. आता शेठची सही, जुनी फाइल, मिळालेल्या सवलतीचा फरक, सगळं वरून मंजूर होऊन यायला दीड महिना. आमच्याकडे दोन आठवडे होते.

मग मी उल्हासनगरला गेले. तिथे दुसऱ्या सरकारी विमा कंपनीचं ऑफिस होतं. तेव्हा सगळ्याच कंपन्या सरकारी, दर सगळीकडे सारखेच. खिडकीमागच्या मॅडमनी माझं ऐकून घेतलं आणि सोपं करून सांगितलं. वडिलांच्या नावाने आमच्याकडे नवा विमा काढा, दोन दिवसांचं काम. आमचा कागद हातात पडला की त्या तारखेपासून जुना रद्द करायला द्या. रद्द करायला शेठचं पत्र लागेल. "पण जुना आधी सोडू नका हं," त्या म्हणाल्या. "मध्ये एक दिवसही रिकामा गेला तर गाडीची तपासणी लागते."

घरी येऊन मी दादांना सगळं सांगितलं. जुना विमा संपायला चार महिने होते, परत मिळणारे पैसे थोडे, तेही शेठच्या नावाने. ते सगळं त्यांनी मान डोलावून ऐकलं. त्यांना अडचण दुसरीच होती.

"म्हंजे त्याच्याकडनं काढून घ्यायचं."

"कंपनीकडून, दादा. काकांकडून नाही."

"माझ्यासाठी ते एकच हाय."  मग म्हणाले, "त्याला मी सांगंन. तू नाय जायचं." आणि अंबरनाथला जाऊन तोंडाने सांगून आले. काका काय म्हणाले विचारलं तर म्हणाले, "कर बाबा, म्हणाला. अजून काय म्हणंल?"

सोमवारी दादा शेठकडे पत्रावर सही घ्यायला गेले. पेट्रोल कशाला जाळायचं म्हणून गाडी घरीच ठेवून लोकलने. संध्याकाळी आले ते खुशीत. शेठ कसे हसले ते नकलेसकट सांगितलं, "अरे, अभी तक मेरे नाम पे चल रही है? मुफ्त का मालिक बना के रखा मुझे!" मी म्हटलं, पत्र द्या, उद्या नव्या ऑफिसात जाऊ.

"पत्र कुठलं? ते दिलं कल्याणला. कागदासकट. काम एकदम मिटवून आलो."

"मिटवून म्हणजे?"

"म्हंजे परत केला. साहेबांनी शिक्का मारून पावती दिली, ही बघ."

मी पावती बघितली. त्या दुपारपासून विमा रद्द. "दादा, मी सांगितलं होतं ना, आधी नवा घ्यायचा! मॅडमनी किती वेळा सांगितलं..."

"अगं पण असं कसं करायचं?" दादांना माझंच नवल वाटत होतं. "एका घरी नारळ देऊन बसलोय आन दुसऱ्या घरी सुपारी फोडायची? लोक तोंडात शेण घालतील. आधी त्यांचा नारळ त्यांना परत करायचा, मग दुसरीकडं बोलणी."

आई पीठ मळत होती. तिने वर न बघता सांगितलं, "आत्याच्या वेळंला तुझे आजोबा वांगणीला चालत गेलेले, नारळ परत कराया. दुसरं स्थळ दारात बसलं होतं. त्यांना चहा पण नाय दिला येईस्तवर."

"आई, ही विमा कंपनी आहे!"

"मग काय झालं," आई म्हणाली. "माणसंच बसतात ना तिथं?"



मंगळवारी नव्या ऑफिसात मॅडमनी कपाळाला हात लावला. आता तपासणी होणार. गाडी उल्हासनगरला आणायची, सर्व्हेअर बघणार, रिपोर्ट देणार, मग विमा. मी दादांना सांगितलं, चला, घेऊन जाऊ. तर दादा गाडीला हात लावेनात.

"बिनविम्याची गाडी रस्त्यावर काढायची नाय."

"अहो तपासणीलाच तर न्यायचीय! आठ-दहा किलोमीटर. पोलीस..."

"पोलिसाचं सोड. कुणाचं पोर आडवं आलं तर? मी काय देऊ त्याच्या आईला?"

दीड वर्ष ते दुसऱ्याच्या नावाच्या कागदावर निर्धास्त फिरले होते, आणि आता दहा किलोमीटरला नाही म्हणत होते. मला राग यावा की हसू, कळेना. तेव्हा माहीत नव्हतं म्हणून फिरले, आता माहीत होतं. त्यांच्या लेखी हिशोब एवढा सरळ होता. मी परत ऑफिसात जाऊन विचारलं, सर्व्हेअर बदलापूरला येतील का? मॅडम म्हणाल्या, एकच माणूस आहे आमचा, त्याचा आठवडा भरलाय, पुढच्या आठवड्यात बघू. पुढच्या सोमवारी एक तारीख होती.

बुधवारी सकाळी शेजारच्या आजींच्या पायाचं प्लॅस्टर काढायला दवाखान्यात न्यायचं होतं. त्यांचा मुलगा नेहमीसारखा दादांना बोलवायला आला. दादा म्हणाले, आज गाडी नाय. कारण सांगितलं नाही. पण स्वतः चौकात जाऊन रिक्षा घेऊन आले. अँबेसेडरच्या मागच्या सीटवरची उशी काढली, रिक्षात आजींच्या पायाखाली ठेवली आणि रिक्षावाल्याशेजारी अर्ध्या सीटवर बसून दवाखान्यापर्यंत गेले. वाटभर त्याला सांगत होते म्हणे, "खड्डा, खड्डा. हळू रं."

परत येऊन त्यांनी उशी जागेवर ठेवली आणि गाडी पुसायला घेतली. गाडी कुठेही गेली नव्हती, तिच्यावर धूळही नव्हती. तरी पुसत होते. दाढी केलेली नव्हती. ते बघितलं आणि मी चपला घातल्या.

काकांचं घर अंबरनाथला कामगार चाळीत होतं. मी दारात गेले तेव्हा काकू तांदूळ निवडत होत्या आणि काका खाटेवर बसून स्कूटरची चेन साफ करत होते. काकू "ये गं ये, दिवाळीला तरी यायचंस," म्हणत चहा टाकायला आत गेल्या. काकांनी नुसती मान हलवली. मी उभीच राहिले.

"काका, मी चुकले."

"बस."

"चकलीच्या ताटलीसमोर मी तुम्हाला असं बोलायला नको होतं."

ते फडक्याने हात पुसत राहिले. "बोलायच्या तऱ्हेत चुकलीस. कागदात तू बरोबर होतीस." स्वयंपाकघराकडे एकदा बघून आवाज खाली आणला. "पोरी, मला इंग्रजी येत न्हाई. तारीख वाचता येते, गाडीचा नंबर वाचता येतो. सही कुठं घ्यायची तिथं साहेब पेन्सिलनं फुल्या मारून देतो. फुली बघून मी सही घेतो. दहा वर्षं तसंच चाललंय. तुझ्या बापाला वाटतं मी वाचतो. म्या त्याला कधी सांगितलं न्हाई."

मला एकदम त्या कुलपाखालच्या कागदाची आठवण झाली. त्या दिवशी गेटबाहेर जी माणसं संध्याकाळपर्यंत उभी होती, त्यात हे दोघं होते. मी तेव्हा सहावीत होते, मलाही वाचता आलं नसतं. पण आता येत होतं, आणि त्याचा पहिला उपयोग मी काय केला होता?

मी दाराशीच खाली बसले. मला रडू येत होतं आणि मला रडायचं नव्हतं.

"आता काय झालं ते सांग," काका म्हणाले. "नुसती चूक कबूल करायला कुणी बदलापूरहून येत न्हाई."

मी सांगितलं. दादा आधीच कल्याणला जाऊन कागद परत करून आले, इथपर्यंत पोचले तर काका हसायला लागले. चेन खाली ठेवून, ठसका लागेपर्यंत हसले.

"परत केला? नवा मिळायच्या आधी?" काकू कपबशा घेऊन बाहेर आल्या. "अगं ऐकलंस का, त्यानं पुन्हा बुटांचं केलं!"

बुटांचं म्हणजे काय ते मग मला कळलं. कारखान्यात वर्षाला बूट मिळायचे. जुने जमा करायचे, नवे घ्यायचे. एकदा नवे बूट यायला आठवडा लागणार होता. सगळ्यांनी जुने पायात ठेवले. दादा मात्र पहिल्याच दिवशी जुने जमा करून आले आणि आठवडाभर अनवाणी मिक्सरवर उभे राहिले. "म्हटलं, लेका, पाय जाळून घेशील. तर म्हणतो, एकाचे दोन जोड माझ्या नावावर कसे ठेवू?" काकांनी डोळे पुसले. "माझे बूट त्याला व्हत न्हवते, न्हाईतर पाळी बदलताना माझेच घातले असते."

चहा झाला. काका म्हणाले, "तो त्यांचा सर्व्हेअर हितंच राहतो, पूर्वेला. सकाळी ऑफिसला निघायच्या आधी गाठतो त्याला. तू जा घरी. आन बापाला काय सांगू नको, न्हाईतर तोच चालत येईल त्याला आणायला."

गुरुवारी सकाळी नऊ वाजता स्कूटरचा आवाज आला. तो आवाज आमच्या घरात सगळ्यांना ओळखू यायचा. मागे सर्व्हेअर बसला होता, बॅग पोटाशी धरून, केसांवर धूळ. उतरल्या उतरल्या त्याने कंबर धरली.

"काय काका, तुमच्या कंपनीचा विमा काढून घेतला यांनी, आणि आमच्या कंपनीसाठी तुम्हीच मला घेऊन येताय? कमिशन तरी कोण देणार तुम्हाला?"

"गाडी माझ्या दोस्ताची हाय," काका म्हणाले. "कंपन्या सगळ्या सरकारच्या. तुम्ही गाडी बघा."

दादा गाडीपाशी उभे होते, हातात फडकं. काकांकडे बघेनात. काका पण त्यांच्याकडे न बघता गाडीभोवती फिरले, टायरवर पाय मारून बघितला.

"चहा घेणार?" दादांनी टायरकडे बघत विचारलं.

"साखर कमी."

"कवापास्नं?"

"झालं वर्ष. तुला काय, तू इचारतोस कुठं."

"आता इचारलं ना."

एवढंच झालं. पण आई दारातून वळून आत गेली आणि आत स्टोव्हला जोरजोरात पंप मारल्याचा आवाज आला.

सर्व्हेअरने बॉनेट उघडलं. चासीवर कोरलेल्या नंबरावर पातळ कागद ठेवला आणि वरून पेन्सिल घासली. कागदावर एकेक आकडा पांढरा उमटत गेला. दादा टॉर्च धरून होते. काकांनी आकडे मोठ्याने वाचले, मी आरसीतल्या आकड्यांशी ताडून बघितले. सगळे जुळले. सर्व्हेअरने दारं उघडझाप करून बघितली, काचा बघितल्या आणि म्हणाला, "गाडी पोरीसारखी ठेवलीय."

मग अर्ज भरायचा होता. मी तो खाटेवर बसून भरला. ठळक इंग्रजी अक्षरात दादांचं पूर्ण नाव, आजोबांच्या नावासकट. मांजर्लीचा पत्ता. धंद्याच्या रकान्याशी मी थांबले. शाळेच्या प्रत्येक फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय विचारायचे आणि मी कधी नोकरी लिहायची, कधी नुसती रेघ मारायची. या वेळी लिहिलं: गाडीचे मालक, स्वतः चालवतात.

"काय लिहिलंस?" काकांनी विचारलं. "एकेक ओळ मराठीत सांग बघू. वरपासून."

मी सांगितली. दादांना वाटलं, त्यांच्यासाठी सांगते. ते लक्ष देऊन ऐकत होते. काका चष्मा लावून माझ्या बोटाबरोबर ओळीवरून नजर पुढे नेत होते. कुठे काय लिहायचं, कुठे जुना विमा विचारलाय, कुठे मालक बदलला का ते विचारलंय. "हां," ते प्रत्येक ओळीला म्हणायचे. "हां. पुढं." सहीच्या जागी फुली नव्हती. काकांनी स्वतः बोट ठेवून दादांना जागा दाखवली, "हितं." दादांनी मराठीत सही केली, दोन्ही बाजूंनी रेघ ओढून, जशी ते पगाराच्या वहीत करायचे.

शुक्रवारी दुपारी मॅडमनी कव्हर नोट, म्हणजे पक्का कागद येईपर्यंत चालणारा विमा, माझ्या हातात दिली. मी खिडकीपाशी उभी राहून नाव वाचलं, मग नंबर, मग तारीख, मग बारीक अक्षरातलं सगळं. मागे रांग होती, कुणीतरी म्हणालं, "अहो ताई, घरी जाऊन वाचा." मी तिथेच वाचलं.

त्यानंतर कितीतरी वर्षं काका रविवारी सकाळी रेक्झिनची पिशवी घेऊन आमच्याकडे यायचे. कुणाचा टेम्पो विकला गेला, कुणाची रिक्षा मुलाच्या नावावर झाली, ते कागद आम्ही दोघं वाचायचो. दादा समजायचे, मला काम शिकवतायत. पुढे मी परीक्षा देऊन विम्याच्याच ऑफिसात लागले. अर्ज वाचता न येणारा माणूस खिडकीशी आला, तर मी पेन्सिलने फुली मारून देत नाही. वाचून दाखवते. वेळ लागतो, रांगेतली माणसं बोलतात, बोलू देते.

त्या वर्षी एक डिसेंबरला सकाळी सहा वाजता दादा गाडी घेऊन अंबरनाथला गेले. कंपनीचा वर्षाचा करार आम्हाला मिळाला, पुढे तो नऊ वर्षं चालला. आरसी, परमिट आणि विमा, तिन्ही कागद दादांच्या नावावर होते.